शाक्यांची उपरणी, कोलियांचे शेले आणि आमच्या तीन मशिनी

२३ मे २०२४ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, कल्याण पूर्वेतील आमच्या वस्तीच्या विहारासमोर सिद्धार्थाच्या गृहत्यागावरील नाटक झाले. नाटक कसे झाले, कोणाचे काम उठावदार झाले, कोण संवाद विसरला, यावर नळावर पुष्कळ बोलून झाले आहे. त्याविषयी आम्ही लिहिणार नाही. आम्ही लिहिणार आहोत ते कपड्यांविषयी. कारण ते कपडे आम्ही शिवले आणि शिवता शिवता आमच्यात जे घडले ते इतर वस्त्यांतील भगिनींना कळावे, असे महिला मंडळात ठरले.

आम्ही अकरा जणी. तिघींच्या घरी मशिनी आहेत, एक पायाची आणि दोन मोटारीच्या. कोणी उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे धागे कापते, कोणी फॉल-पिको करते, दोघी पलीकडच्या सोसायट्यांत धुण्याभांड्यांना जातात, एक नगरपालिकेच्या दवाखान्यात आया आहे. नाटकाचे कपडे आधी कोणीच शिवलेले नव्हते. शिवणार आहोत असेही ठरले नव्हते. भीमजयंती आटोपली, मुलांच्या परीक्षा संपल्या, तालमी सुरू झाल्या आणि नाटकाच्या पोरांनी सांगितले की कपडे भाड्याने आणू.

ड्रेपरीवाल्याकडे आमच्यातल्या दोघी आणि नाटकाची दोन पोरे गेली. त्याने मखमली अंगरखे काढले, जरीचे कमरबंद काढले, पत्र्यावर काचा चिकटवलेले मुकुट काढले. एका रात्रीचे साडेआठ हजार रुपये भाडे, अनामत वेगळी. भाड्याचे एक वेळ सोडा. तो माणूस अगदी सहज म्हणाला, "बुद्ध पाहिजे ना? विष्णूचा सेट घेऊन जा. वरून पिवळे उपरणे टाकले की झाले काम." त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला खरोखरच तसे वाटत होते. पण ज्या घरांत बावीस प्रतिज्ञांची तसबीर दारासमोर लावलेली आहे, त्या घरांतील मुलगा विष्णूच्या मुकुटात सिद्धार्थ म्हणून उभा करायचा कसा? पाचवी प्रतिज्ञा काय सांगते हे आमच्या चौथीतल्या पोरालाही पाठ आहे. दोघी परत आल्या आणि त्याच संध्याकाळी विहारात बसून ठरले, कपडे आपण शिवायचे.

ठरवणे सोपे होते. काय शिवायचे हे कोणालाच माहीत नव्हते. आमच्या डोळ्यांसमोर राजपुत्र म्हटला की टीव्हीवरचा राजपुत्र येतो. वस्तीत चित्रकलेचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना बोलावले. त्यांनी सांचीच्या तोरणांचे फोटो आणून दाखवले. ती तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. त्यांवरील माणसांना अंगरखे नाहीत, मुकुट नाहीत. कमरेला नेसलेले धोतर, खांद्यावर उपरणे, डोक्याला गाठ मारलेला फेटा. बायकांनाही नेसलेलेच वस्त्र. गुरुजींनी पूर्वेकडील तोरणावरचा गृहत्यागाचा देखावा दाखवला. घोडा चालला आहे, वर छत्र धरले आहे आणि घोड्याच्या पाठीवर कोणीच नाही. त्या काळचे शिल्पकार तथागतांची मूर्ती दाखवीत नसत. मोकळी पाठ आणि वर छत्र, एवढ्यावरून बघणाऱ्याने ओळखायचे. आम्ही त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिलो. मग आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे गुरुजी, शिवायला काही नाहीच की! सगळे नेसायचेच." सगळ्या हसल्या.

पण नेसवणे हे शिवण्याहून अवघड निघाले. चौतीस पात्रे, त्यांतली निम्मी पंधरा वर्षांच्या आतली. प्रवेश बदलताना दोन मिनिटांत धोतर कोण नेसवणार? म्हणून ठरले की दिसायला नेसलेले, पण घालायला पायजम्यासारखे. वरती नेफा, त्यात इलास्टिक, पुढच्या निऱ्या तीन टिपांनी पक्क्या आणि कासोटा मागे शिवून टाकलेला. ज्या भगिनींना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी सांगतो: दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन मीटर मांजरपाट पुरतो, मोठ्याला अडीच ते तीन मीटर लागतो. इलास्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी घ्यावे आणि त्याची दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून मशीनवर दोनदा टीप मारावी. नुसत्या हाताच्या टाक्यावर विसंबू नये. हे का सांगतो ते पुढे येईल.

कापड उल्हासनगरच्या जपानी बाजारातून आणले. मांजरपाट ठोक घेतला, काठांसाठी कटपीस वेचले. कापड, रिळे, इलास्टिक, रंग सगळे मिळून सहा हजार तीनशे रुपये झाले. ते वर्गणीतून गेले. शिलाई कोणी मागितली नाही. पण इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. धागे कापणारीला नगावर पैसे मिळतात. ती तीन आठवडे रोज संध्याकाळी विहारात बसली म्हणजे तिचे तेवढे नग गेले. आमच्यात दोघींच्या घरी यावरून बोलाचाली झाली. एकीचा नवरा म्हणाला, "धम्माचे काम आहे ते ठीक, पण गॅसचे पैसे धम्म देणार का?" त्याचेही काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. आम्ही मग त्या दोघींना हातशिलाईचे काम घरी नेऊन दिले आणि त्यांच्या वाट्याचे धागे रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून कापले.

नाटक कोणत्या गोष्टीवर होते ते थोडक्यात सांगायला हवे, नाहीतर कपड्यांचे कळणार नाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट परमपूज्य बाबासाहेबांनी मान्य केली नाही. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही त्याच नदीचे पाणी शेतीला घेत. आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून मजुरांत मारामारी झाली. शाक्य संघाची सभा भरली, सेनापतीने युद्धाचा ठराव आणला, सिद्धार्थाने विरोध केला आणि बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. त्यातून त्याने परिव्रज्या पत्करली. नळावर ज्यांच्या हयाती गेल्या त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा दोन बाजू प्रेक्षकांना लांबून ओळखू आल्या पाहिजेत. शाक्यांना निळ्या काठाची उपरणी केली, अठरा नग. कोलियांना तांबड्या काठाचे शेले, आठ. मजुरांचे धोतर गुडघ्यापर्यंत आणि न धुतलेल्या मांजरपाटाचे, सभासदांचे घोट्यापर्यंत आणि काठाचे. नदी कशी दाखवायची हा मोठा प्रश्न होता. शेवटी घरोघरी जाऊन निळ्या साड्या मागितल्या. सहा मिळाल्या, त्या काठाला काठ लावून जोडल्या. दोन टोकांना चार मुली धरून हलवू लागल्या तर खरेच पाणी वाटे. त्यातली एक साडी एका आईने मुलाच्या नामकरणाला घेतलेली होती. तिने ती देताना सांगितले, "कापू नका, नुसती जोडा." आम्ही कापली नाही.

आमच्यात एक आजी आहेत, ऐंशीच्या घरातल्या. डोळ्यांनी सुईत दोरा जात नाही, पण रोज येऊन बसत आणि चिंध्या निवडत. एक दिवस पायाच्या मशीनवर काम चालू होते, बॉबीन भरत होती, त्या बघत म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याला धाग्याला शिवू देत नव्हते." त्यांचे सासरे परळच्या गिरणीत होते. रिंग खात्यात काम मिळे. विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि आमच्या माणसाच्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला होता. पुस्तकात हे आम्ही वाचलेले होते. पण आजींनी सांगितले तेव्हा आमच्यातली एक जण दोरा ओला करून सुईत ओवायला तोंडापाशी नेत होती, तिचा हात तसाच थांबला. आजींचा मुलगाही गिरणीतच लागला आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात बाहेर पडला. तेव्हा ही मंडळी परळ सोडून कल्याणला आली.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना आमचा हात अडखळतो.

नाटकात पहिल्या अंकात सिद्धार्थ-यशोधरेचे लग्न आहे. यशोधरेसाठी पिवळ्या रंगाची, तांबड्या काठाची साडी होती. तिला काठ लावणे, फॉल आणि ब्लाऊज, असे काम होते. पलीकडच्या चाळीतल्या एक वहिनी आहेत. आमच्या सगळ्यांत त्यांचा हात सर्वांत साफ. त्यांचे यजमान वारून सहा वर्षे झाली. मशीनवर त्यांनी दोन मुले शिकवली. साडी त्यांच्याकडे द्यायची हे जवळजवळ ठरलेलेच होते. त्या दिवशी वहिनी आमच्याकडे पाठ करून मशीनवर टिपा मारीत होत्या. यशोधरेचे काम करणाऱ्या मुलीची आई हळूच म्हणाली, "लग्नाची साडी आहे. त्यांच्याकडे नको. माझी पोरगी अजून लग्नाची आहे."

मशीन थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

आम्ही काय केले? काही नाही. कोणी चहाचे निमित्त काढले, कोणी मेजरटेप शोधू लागली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितले की अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, तसले दागिने टाकून द्या. आणि बायकांनी ते लागलीच मनावर घेतले. हा प्रसंग आमच्यातल्या तिघी दरवर्षी भाषणात सांगतात. त्या तिघीही तिथे बसलेल्या होत्या. त्यांतली एक आम्ही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. दोघी त्यांच्या घरी गेल्या तर म्हणाल्या, "गिऱ्हाइकांची कामे तुंबली आहेत." चेहरा साधा, आवाज साधा. चहा दिला. शाक्यांची तयार झालेली चार धोतरे घडी करून पिशवीत भरून ठेवलेली होती, ती दिली.

हा पेच मंडळाच्या बैठकीत सुटला असता असे आम्हाला वाटत नाही. तिथे ठराव झाला असता, भाषणे झाली असती आणि वहिनी आणखी दूर गेल्या असत्या. तो सोडवला यशोधरेने. मुलगी अकरावीत शिकते. तिला कोणी सांगितले ठाऊक नाही. अशा गोष्टी चाळीत लपत नाहीत. ती संध्याकाळी तालमीतून निघाली, विहारातल्या कपाटातून साडी आणि ब्लाऊजचे कापड उचलले आणि सरळ वहिनींच्या दारात जाऊन उभी राहिली. वहिनींनीच पुढे आम्हाला सांगितले. पोरगी म्हणाली, "मावशी, ब्लाऊजची मापे घ्या. आणि बाह्या कोपरापर्यंत करा." वहिनींनी विचारले, "आईला विचारलेस?" तर ती म्हणाली, "ब्लाऊज मला घालायचा आहे." वहिनींनी टेप काढली.

तिची आई तीन दिवस विहाराकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी आली, बरोबर डब्यात थालीपिठे. वहिनींच्या शेजारी बसली आणि त्या ब्लाऊजला हूक लावू लागली. माफीचे शब्द आम्ही कोणी ऐकले नाहीत. थालीपिठे मात्र वहिनींनी दोन घेतली.

निरोपाच्या प्रवेशातील यशोधरेच्या साडीवरही थोडी चर्चा झाली. पांढरी, निळ्या काठाची ठरली होती. दोघींना वाटले, पांढऱ्या साडीत ती विधवा दिसेल. यावर आजी म्हणाल्या, "पौर्णिमेला आपण सगळ्या काय नेसतो?" प्रश्न तिथेच मिटला. त्या ग्रंथातील यशोधरा रडून वाट अडवीत नाही. ती संमती देते. राहुलला सांभाळायचे नसते तर मीही परिव्रज्या घेतली असती, असे तिचे म्हणणे आहे. ती साडी वहिनींनीच केली.

सर्वांत जास्त खोळंबा शेवटच्या वस्त्राने केला. सिद्धार्थ परिव्रज्या घेतो तेव्हा अंगावर काय घालायचे? एक म्हणाली, भन्तेंकडून जुने चीवर मागू. भन्तेंना विचारले, तर त्यांनी शांतपणे सांगितले की भिक्खूचे चीवर नाटकाला वापरू नये. आणि पुढे म्हणाले, त्याची गरजही नाही. चीवराचा शेताच्या बांधांसारखा नमुना नंतरचा. महावग्गात तो प्रसंग आहे: मगधातील शेते, त्यांचे बांध आणि वाफे पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी असे वस्त्र करता येईल का, आणि आनंदाने तसे ते बेतले. सिद्धार्थ घर सोडतो तेव्हा भिक्खू संघच नव्हता. तेव्हा साधे जोडलेले वस्त्र करा.

आम्हाला हे फार पटले. आमच्याकडे चिंध्यांची गोणी भरलेली होतीच. शाक्यांच्या धोतरांचे तुकडे, कोलियांच्या शेल्यांच्या कडा, नदीच्या साडीचा एक फाटका पदर सोडून बाकी सगळे. आजींनी मोठे तुकडे वेगळे काढले, वहिनींनी बेतले आणि अकरा जणींनी एकेक जोड हाताने शिवला. आजींच्या सुईत आम्ही दोरा ओवून दिला. त्यांचे टाके बोटभर लांब आहेत. ते तसेच ठेवले.

मग रंग. आम्ही शहाणपणा करून हळद वापरली. रंग सुंदर आला. पण एका जागी तेलाचा डाग पडला म्हणून एकीने साबण लावला, तर तिथे कुंकवासारखे लाल धब्बे! आणि दोन दिवसांच्या उन्हात उरलेला पिवळा विटून गेला. भन्तेंना कळले तेव्हा ते हसले. म्हणाले, विनयात मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ अशा सहा प्रकारचे रंग सांगितले आहेत, पण अट्ठकथेत मुळांतून हळद वगळलेली आहे. आधी विचारले असते तर किलोभर हळद वाचली असती! शेवटी आजींच्या सांगण्यावरून काथ आणला. उकळत्या पाण्यात काथ विरघळवून त्यात वस्त्र अर्धा तास फिरवले. तुकड्या-तुकड्याने रंग वेगळा बसला, कुठे गडद तपकिरी, कुठे फिका. तेच चांगले दिसले.

ते वस्त्र गच्चीवर वाळत घातले तो दिवस १३ मेचा. दुपारी धुळीचे वादळ आले. त्याच वादळात घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे गेली, हे आम्हाला रात्री कळले. त्यापुढे आमचे नुकसान ते काय. वस्त्र उडून दोन चाळी पलीकडच्या पत्र्यांवर अडकले होते. पोरांनी काढून आणले, एका कोपऱ्याला फाटले होते. तिथे आणखी एक तुकडा लागला.

२० मेला आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. बोटाला शाई घेऊनच त्या रात्री शेवटचे काठ लावले.

नाटक रात्री साडेआठचे, सुरू झाले सव्वादहाला. आधी सत्कार झाले. देणगीदारांची नावे वाचली, मंडपवाल्याचे, स्पीकरवाल्याचे, केळी देणाऱ्याचेही नाव वाचले. कपडे शिवणाऱ्यांची नावे त्या कागदावर नव्हती. हे मुद्दाम झाले असे आम्ही म्हणत नाही. पण आम्ही अकरा जणी पडद्यामागे टाचण्या तोंडात धरून ती यादी शेवटपर्यंत ऐकत होतो, एवढे खरे.

युद्धाच्या ठरावाच्या प्रवेशात शाक्य सेनापतीचे इलास्टिक सुटले. हाताच्या टाक्यावर विसंबलेले तेवढे एकच धोतर होते, आणि ते आमच्याच हातचे. पोरगा हुशार. एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने त्याने असा काही युद्धाचा पुकारा केला की लोकांना तो अभिनय वाटला आणि टाळ्या पडल्या. रोहिणी छान वाहिली. शेवटी सिद्धार्थाने ते काथाचे वस्त्र खांद्यावर घेतले तेव्हा पुढे सतरंजीवर बसलेल्या आजी शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "तो उजवीकडचा जोड माझा." तो संवाद मागपर्यंत ऐकू गेला.

सगळे कपडे धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून विहारातल्या लोखंडी पेटीत ठेवले आहेत. झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे आणि यादीखाली अकरा नावे लिहिली आहेत. ती वहिनींच्या मुलाने चांगल्या अक्षरात लिहून दिली. नदीतली नामकरणाची साडी उसवून ज्यांची त्यांना परत केली. त्याच वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला टिटवाळ्याकडच्या एका विहाराने पेटी मागून नेली. त्यांनी सगळे धुऊन, इस्त्री करून आणून दिले. फक्त शाक्यांची उपरणी अठरा गेली होती, मोजली तेव्हा सतरा भरली. निळ्या काठाचा कटपीस थोडा शिल्लक आहे. वहिनींनी तो ठेवून घेतला आहे.